शेत न पाहिलेला ट्रॅक्टर

भांडुपच्या टेकडीवर अंबादासला सगळे दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे त्याला कमी ऐकू यायचं आणि दुसरी म्हणजे त्याच्याकडे ट्रॅक्टर होता. पहिली गोष्ट दुसरीमुळेच झाली होती. त्याच्या ट्रॅक्टरला मागे नांगर नव्हता, कॉम्प्रेसर होता. त्या कॉम्प्रेसरच्या हवेवर खडक फोडायचं मशीन चाले आणि वाकोल्यापासून मुलुंडपर्यंत ज्या ज्या इमारतीच्या पायाला कातळ आडवा आला, तिथे तिथे अंबादास जाऊन उभा राहिला होता. उभा म्हणजे खरोखरच उभा. ट्रॅक्टर एका जागी दिवसभर धडधडायचा आणि शेजारी अंबादास दोन्ही कानांत कापूस घालून विडी ओढायचा. कापूस बिनकामाचा होता हे त्याला फार उशिरा कळलं. त्याचं त्याला वाईटही वाटलं नाही, कारण तोवर बायकोची, शकूची, बडबडही अर्धीच ऐकू यायला लागली होती.

मूळचा तो जिंतूरकडचा. बाप जन्मभर दुसऱ्याच्या शेतात दुसऱ्याच्या नांगरामागे चालला. "आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या नावावर वीतभर बांध नाही आणि मी ट्रॅक्टरवाला," असं अंबादास स्वतःच सांगत फिरायचा. "म्हणजे टकल्यानं हौसेनं कंगवा घ्यावा ना, तसं." लोक हसायचे, त्यांच्या आधी तो हसायचा. आपल्यावर दुसऱ्यानं हसण्याआधी आपणच हसून घ्यावं, म्हणजे हसू घरातल्या घरात राहतं, हे त्याचं जुनं धोरण होतं.

मात्र एका बाबतीत त्याला चेष्टा खपत नसे. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर कुणी नवी गाडी घेतल्याचे पेढे वाटले की अंबादास पेढा तोंडात टाकायचा आणि बोलायला सुरुवात करायचा. "कार शोरूमच्या पायरीवरून उतरली की पडली. बाइक पडली. रिक्षा तर पडलेलीच असते. ट्रॅक्टरची किंमत पडत नाही! का? तर गावोगाव त्याचा मिस्त्री असतो, गावोगाव पार्ट मिळतो आणि पेरणी काही कुणाला चुकत नाही. जुन्याला नेहमीच गिऱ्हाईक." हे ज्ञान त्याला ट्रॅक्टर विकणाऱ्या दुकानदाराने ट्रॅक्टर विकताना दिलं होतं. दुकानदार आणखी काय म्हणणार होता, असं शकू विचारायची. ते नेमकं अंबादासला ऐकू यायचं नाही.

मग टेकडीवरचा रस्ता रुंद करायचं ठरलं. नाल्याच्या कडेला जिथे ट्रॅक्टर उभा असे, ती जागा महिनाअखेरपर्यंत मोकळी करा म्हणून पालिकेची माणसं सांगून गेली. कामही कधीच आटलं होतं. आता एक मोठं मशीन येतं आणि अंबादासचं आठवड्याचं काम दुपारच्या जेवणाआधी संपवून निघून जातं. देवनारचा भंगारवाला दोनदा चक्कर मारून गेला. त्याने ट्रॅक्टरला हात लावला नाही, चालू करून बघितला नाही, नुसतं डोळ्यांनी वजन केलं.

"चाचा, गॅस कटर इधरही लेके आता हूं. किलो के हिसाबसे फायनल," तो म्हणाला.

किलो! अंबादासला रात्री झोप लागली नाही. पैशाचं तसं अडत नव्हतं. मुलगी संघमित्रा नर्स होती, घर चालत होतं. पण ज्या ट्रॅक्टरच्या किमतीवर त्याने टपरीवर एवढी वर्षं प्रवचनं केली, तो शेवटी पत्र्याच्या डब्यांबरोबर काट्यावर जाणार? आणि त्याहून आत एक गोष्ट होती, ती त्याने शकूलाही सांगितली नव्हती. त्या ट्रॅक्टरने कधी शेत बघितलं नव्हतं. एकदा तरी त्याने माती उकरावी, मग काय व्हायचं ते होवो, असं त्याला फार वाटत होतं. ही इच्छा इतकी वेडगळ होती की तिच्यावर स्वतः हसायलाही त्याला लाज वाटत होती.

संघमित्राने फोनवर जाहिरात टाकली. पेरणीआधीचे दिवस, त्यामुळे फोन धडाधड आले. आले तसे बंदही झाले. प्रत्येक जण पहिलाच प्रश्न विचारायचा, "लिफ्टचे हात आहेत का?"

हात म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचे दोन लोखंडी दांडे आणि त्यांना जोडणारी भोकांची आडवी पट्टी. नांगर त्याला अडकवतात. आत तेलाच्या जोरावर चालणारी लिफ्ट असते, ती हे हात वरखाली करते. अंबादासने कॉम्प्रेसर बसवताना ते पहिल्याच महिन्यात काढून टाकले होते, मध्ये येत होते म्हणून. "मी काय नांगरणार, रस्ता?" असं तेव्हा तो मोठ्या ऐटीत म्हणाला होता.

"काका, हात नाहीत तर ते इंजिन झालं. ट्रॅक्टर कुठाय?" सिन्नरचा किरण फोनवर म्हणाला. पण त्याने फोन ठेवला नाही. "शोधा. हात लावून ठेवा, कॉम्प्रेसर उतरवा. मी रविवारी येतो."

आता हात कुठे गेले ते अंबादासला पक्कं ठाऊक होतं, कारण त्यानेच ते कर्णाच्या थाटात वाटले होते. एक त्याच्याच छपरावर होता, पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून. तो त्याने उतरवला आणि त्या जागी दोन दगड ठेवले. शकू खालून म्हणाली, "जपून, नाहीतर तुम्हीच उडाल."

दुसरा हात शेजारच्या वनमालाताईंच्या दाराला आतून अडसर म्हणून लागला होता. वनमालाताई कणकवलीकडच्या, गिरणीतून सुटलेल्या नवऱ्यामागे या टेकडीवर आल्या आणि तेव्हापासून त्यांनी टेकडीवर कुणाचं ऐकलं नव्हतं.

"ताई, तो दांडा दे. माझा आहे."

"तुझो?" त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "मेल्या, दिलंस तेव्हा काय म्हणालंस? बहिणीक भाऊबीज म्हणालंस! भाऊबीज कोण परत मागता?"

"नवा अडसर आणून देतो, सागवानी."

"आधी नवो हाड, मग ह्यो घेवन जा. रातीक कुत्रे येवन माझ्या गादीयेर झोपतले, त्यांका काय तू हाकलतलंस?"

अंबादासने सागवानी अडसर आणला, स्वतः बसवला, उलटा बसवला, पुन्हा बसवला. तेव्हा कुठे दांडा सुटला.

राहिली पट्टी. ती वस्तीच्या बालवाडीत दोरीला टांगलेली होती, घंटा म्हणून. पोरं तिच्यावर खिळ्याने ठोकायची आणि त्या आवाजावर बालवाडी भरायची नि सुटायची. बालवाडीच्या रुचिरा मॅडमना काय सांगावं याची त्याने वाटेत उजळणी केली, तिथे पोचल्यावर विसरला आणि म्हणाला, "मॅडम, तुमची घंटा विकायचीय."

सगळं कळल्यावर त्या हसल्या. पण पोरं हसली नाहीत. घंटा नेणाऱ्या माणसाकडे ती अशी बघत राहिली, की अंबादासने दुसऱ्याच दिवशी खडक फोडायच्या मशीनची जाडजूड छिन्नी आणून तिथे टांगली. ती वाजवून दाखवली. आवाज खणखणीत होता. इतका, की तो अंबादासलाही नीट ऐकू आला.

शनिवारी कॉम्प्रेसर उतरवून हात आणि पट्टी जागेवर बसवली. रविवारी किरण आला. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, बोलायला मऊ आणि बघायला तिखट. त्याने ट्रॅक्टरला एक फेरी मारली, वाकून टायर बघितले आणि त्याचे डोळे चमकले.

"काका, टायर तर नवेच की! फार कमी चाललेला दिसतोय."

इथे गप्प बसायला हवं होतं. शकूने त्याच्या पाठीला चिमटासुद्धा काढला. पण जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ट्रॅक्टरबद्दल मन लावून विचारत होतं आणि अंबादासच्या तोंडाला झाकण नव्हतं.

"टायरवर जाऊ नको रे बाबा," तो म्हणाला. "हा चालला कमी, पण धावला भरपूर. उभ्या उभ्या. दिवसभर एका जागी धडधड. इंजिन एकदा उतरवून दुरुस्त केलंय. टायर माझ्या नव्या चपलांसारखे आणि इंजिन माझ्या गुडघ्यांसारखं, असं समज."

"झालं. घातली वाट," संघमित्रा पुटपुटली.

किरणने भाव तिथल्या तिथे खाली आणला. मग म्हणाला, "पण मग लिफ्ट अजिबात वापरलेली नसणार. ती धरली तर घेतो. नाही धरली तर माफ करा काका, मला परवडणार नाही."

"धरली म्हणजे?"

"वजन लावून वर उचलायची आणि इंजिन बंद करायचं. तरी खाली आली नाही पाहिजे. उचला."

अंबादास सीटवर चढला. डाव्या हाताला गिअर, उजव्या हाताला दोन दांड्या. या दोन दांड्यांवर त्याने इतकी वर्षं रुमाल वाळत घातले होते. त्यातली कुठली ओढायची हे त्याला माहीत नव्हतं. तो खाली उतरला आणि शक्य तेवढ्या मोठेपणाने म्हणाला, "तूच बघ. तुझ्या हाताला सवय हवी."

वस्ती गोळा झाली होती. नांगर नव्हता, म्हणून नाल्याजवळच्या पाडकामाच्या डेब्रिजच्या गोण्या आणून पट्टीवर बांधल्या. किरणने विटा आणून ठेवल्या; पट्टी वर गेली की तिच्याखाली बोटभर फट ठेवून त्या रचायच्या. लिफ्ट वर राहिली तर विटांच्या आणि पट्टीच्या मधे फट राहणार, गळाली तर फट बुजणार. तेवढ्या गोण्या किरणला कमी वाटल्या तेव्हा अंबादास म्हणाला, "मी उभा राहतो. वजनाला."

"त्यानं काय फरक पडणार?" शकू म्हणाली.

तरी तो गोण्यांमधे पट्टीवर चढला आणि मडगार्डला धरून उभा राहिला. किरणने दांडी ओढली. आधी काहीच झालं नाही. आतून एक कण्हल्यासारखा आवाज आला, आणि मग अंबादास वर गेला. गोण्यांसकट, हळूहळू, लोकांच्या खांद्यांच्या वर. पोरांनी शिट्ट्या मारल्या. किरणने इंजिन बंद केलं आणि पट्टीखाली बोटभर फट ठेवून विटा रचल्या.

"आता चहा होईपर्यंत थांबायचं," तो म्हणाला.

शकूने चहा आणला. सगळ्यांनी घेतला. अंबादासला देता येईना, तो वर होता. तो श्वास धरून उभा होता, जणू श्वास सोडला तर लिफ्ट बसेल. वनमालाताई विटांपाशी उकिडव्या बसून फटीत बघत होत्या आणि मोठ्याने बातमी देत होत्या, "फट आसा... आसा अजून... हलू नको रे, मेल्या!"

नांगर जिथे अडकवतात तिथे आपण उभे आहोत, हे अंबादासच्या तेव्हा ध्यानात आलं. बाप आठवला. त्याच्या टाचांना भेगा होत्या आणि त्या भेगांत कायम दुसऱ्याची माती असायची. बाप नांगरामागे चालला आणि मुलगा भांडुपला येऊन नांगराच्या जागी टांगला गेला, एवढी आपल्या खानदानाची प्रगती. त्याला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. पुसायला मडगार्ड सोडावं लागलं असतं, म्हणून त्याने पुसलं नाही.

चहा संपला. किरणने कप ठेवला, वाकला, फटीत बोट घातलं. बोट आरपार गेलं.

"केसभरसुद्धा खाली आली नाही," तो म्हणाला. "घेतला, काका."

अंबादास वरच उभा राहिला.

"उतरा आता," शकू म्हणाली.

"थांब जरा," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "उतरव रे किरण. मला दांडी माहीत नाही."

ट्रॅक्टर गेला. नाल्याकाठची जागा मोकळी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिथे कुणीतरी स्कूटर लावली. अंबादास टपरीवर जायचा, पण प्रवचन करायचा नाही. लोकांनी विषय काढला तरी "शेताच्या भावात गेला, भंगाराच्या नाही," एवढंच सांगायचा आणि विडी पेटवायचा. शकूला त्याची काळजी वाटायला लागली.

मेमधे एका दुपारी संघमित्राच्या फोनवर किरणचा व्हिडिओ आला. तांबूस, खडकाळ रान, वर पांढरं ऊन. ट्रॅक्टर लांबून येत होता. मागे नांगर होता. वनमालाताईंचा अडसर एका बाजूला, छपरावरचा दांडा दुसऱ्या बाजूला, मधे बालवाडीची घंटा, आणि त्यांच्यामागे माती उलटत येत होती. ट्रॅक्टर कॅमेऱ्याजवळून गेला तेव्हा किरण आवाज चढवून म्हणाला, "काका, बघा, चालतोय!"

अंबादासने व्हिडिओ बघितला. परत बघितला. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन एका जागी थांबवला आणि ओरडला, "शकू! अगं, इकडे ये, हे बघ!"

शकू पिठाच्या हाताने धावत आली. "काय झालं?"

त्याने मागचं मोठं चाक बोटाने दाखवलं. टायरच्या नव्याकोऱ्या नक्षीच्या कडा ढेकळांवर घासून बोथट झाल्या होत्या.

"टायर झिजायला लागले," अंबादास म्हणाला. त्याचा सगळा चेहरा फुलला होता. "आता पडणार बघ त्याची किंमत!"

आणि फोन तसाच हातात धरून, चपला न घालता, तो ही बातमी सांगायला टपरीकडे निघाला.