ग्रहणातली वांगी

धाकट्या जावेला मुलगी झाली. सुईणीनं पोर पालथी केली आणि गप्पच झाली. मी म्हटलं, "अगं, बोल की! तोंड शिवलंय का?" तिनं पोरीची पाठ माझ्याकडं केली. कमरेच्या वर, बरोबर कण्यावर, लिंबाएवढी गाठ. कातडी इतकी पातळ की आतलं पाणी दिसत होतं. दोन्ही पाय लुळे. तळव्याला चिमटा काढला तरी पोर पाय ओढीना.

"ग्रहन पाळलं न्हाय हिनं," दारातून सासूबाई म्हणाल्या. "इळा धरला. पोरीची पाठ चिरली."

विळा तिनं आपण होऊन धरलाच नव्हता. मी धरायला लावला होता.

सणसरला आमच्या बागायतीत तेव्हा वांगी होती. ग्रहण सकाळचं, आणि दुसऱ्या दिवशी बारामतीचा बाजार. जावेला सातवा महिना. रिवाजाप्रमाणं तिनं आतल्या खोलीत स्वस्थ बसायचं, काही कापायचं नाही, शिवायचं नाही. पण मी पडले तापट. पाट्या भरायच्या राहिल्या म्हणून माझा जीव वरखाली होत होता. "म्हाराणीवानी बसलीस काय? चल," म्हणत तिला मागच्या दारानं रानात नेलं. देठ कापताना ती दोनदा आभाळाकडं बघून थांबली. दोन्ही वेळा मी खेकसले. परतताना सासूबाईंनी तिच्या हातातला विळा बघितला. कुणी धरायला लावला, ते तिनं सांगितलं नाही. मीही नाही.

सुईण गाठीवर बिब्बा घालायला निघाली. म्हणाली, गाठ बसंल. "हात लावून तर बघ!" म्हणून मी पोर हिसकावून घेतली. तिसऱ्या दिवशी दिरानं गाडी जुंपली आणि आम्ही बारामतीच्या दवाखान्यात गेलो. सासूबाईंनी निघतानाच सांगून टाकलं होतं, "सव्वा म्हयना झाला की हिला इंदापूरला म्हायेरी पोचवायची. परत आणायची न्हाय."

जाऊ बाहेर बाकावर बसली. पोर माझ्या मांडीवर. डॉक्टरांनी गाठीवर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवलं. म्हणाले, "दाबू नका, काही लावू नका, पोटावर निजवा. पोटात असताना पोराचा कणा आधी उघड्या पन्हळीसारखा असतो. मग कडा जुळून त्याची नळी होते. हिची इथं जुळलीच नाही. आतल्या नसा उघड्या पडल्या, म्हणून पाय हलत नाहीत. पुण्याला नेलंत तरी पाय येणार नाहीत, आणि पोर वाचेल याची खात्री नाही."

मी विचारलं ते भलतंच. "ग्रहनात कापलं म्हनून झालं का?"

"ग्रहण कितव्या महिन्यात होतं?"

"सातव्या."

"मग त्याच्या कितीतरी आधी हे झालं होतं. पहिल्या महिन्यात. बाईला दिवस गेल्याचं कळतं न कळतं, तेव्हाच."

"मग कशानं झालं?"

"ते आम्हालाही ठाऊक नाही, बाई."

सांगायला लाज वाटते, पण मांडीवर ती लुळी पोर असताना मला हायसं वाटलं. ते जावेला सांगावं, तर विळा कुणी धरायला लावला, ते सासूबाईंसमोर निघणार. रोज सांगायचं ठरवायचे आणि रोज गिळायचे. पाचव्या आठवड्यात पोर गेली. मी चुलीपुढं बसून ढसाढसा रडले, आणि तरीही बोलले नाही.

इंदापूरला जायची गाडी अंगणात उभी राहिली, जाऊ बोचकं घेऊन चढली, तेव्हा मला राहवेना. "आत्याबाई, इळा म्या धरायला लावला! धाडायचं तर मला धाडा. आन् डाक्टर म्हनले, ग्रहनाचा काय बी संबंद न्हाय. ते पयल्या म्हयन्यातच झालतं."

सासूबाई माझ्याकडं बघतच राहिल्या. "आन् येवढे दिस तोंडात गुळणी धरलीवतीस व्हय गं?" मग दिराला म्हणाल्या, "सोड बैलं. ऱ्हाऊ दे तिला हितंच."

मला वाटलं, जाऊ आता मला दोन शिव्या तरी घालेल. ती गाडीतच बसून बोटं मोजत होती.

"पयल्या म्हयन्यात?"

"व्हय."

"मग आक्का, पयल्या म्हयन्यात म्या काय क्येलं?"

त्यानंतर तिनं मला किती छळलं! पाटात घसरले हुते, त्यानं झालं? उपास धरला हुता, त्यानं? मी वैतागून ओरडायचे. पुढं तिला दोन धडधाकट मुलगे झाले, तरी विचारायची.

आता माझ्या नातसुनेला डॉक्टरीणबाईंनी दिवस राहायच्या आधीपासूनच एक गोळी चालू केली. म्हणाल्या, पालेभाजीत असतं तेच सत्त्व हिच्यात आहे, पोराचा कणा नीट मिटायला लागतं. सगळं टळत नाही, पण बरंच टळतं. मी काठी टेकत तशीच जावेच्या घरी गेले. आता तरी हिचा जीव थाऱ्यावर येईल!

तिनं सगळं ऐकून घेतलं. "तवा मिळायची ही गोळी?"

"न्हाय गं बाई. डाक्टरांना बी ठावं नव्हतं."

"मेथी तर आपल्याच रानात हुती की, आक्का," ती म्हणाली. "तुमी समदी बाजारात धाडलीत."