आमालेचं आम्हाला

सरळ सांगतो, माह्या डोक्यातला राग अजून उतरला नाही.

भिलाईच्या कॉलेजात विदर्भाकडची आमी मोजकीच पोरं. कोणाचा बाप स्टील प्लांटमध्ये, कोणाचा रेल्वेत. एकदा वर्गात माहा मित्र उठून बोलला, "सर, आमाले नाही समजलं." सर पुण्याकडचे. म्हणे, "आमाले काय रे? आम्हाला म्हण! मराठी आहेस ना?" त्या दिवसापासून सारं कॉलेज आमाले "ए आमाले" म्हणून चिडवे. मी रडकुंडीले आलो होतो. मित्र म्हणे, "चिडवू दे बे! हेच नाव ठेवू."

असं झालं आमाले मंडळ. नियम एकच: घरी बोलता तसंच इथं बोलायचं. जो हिंदीवर घसरला त्यानं सगळ्यांचे कप धुवायचे. आमच्यामागून येणाऱ्या पोरांनीही हा नियम पाळला.

मित्र गेल्या वर्षी वारला. यंदाच्या मेळाव्यात त्याच्या बायकोचा सत्कार ठरला. मीच फोन केला, "वहिनी, सेक्टरातल्या हॉलवर आमालेचा बोर्ड दिसन, तिथंच या." शेजारच्या दुर्गच्या मोहन नगरातून त्या एकट्याच येणार होत्या.

हॉलवर गेलो तं बोर्ड काय? "आम्हाला मंडळ"! बाप्पा! मी अध्यक्षाले धरलं. हाही आमच्यातलाच, आता पुण्यात बंगला बांधून बसलेला.

"अरे, ते अशुद्ध वाटत होतं. बाहेरचे पाहुणे आहेत."

"आम्हाला मंडळ म्हणजे काय बे? काही अर्थ तरी निघते का त्याचा? ज्यानं नाव ठेवलं त्याचंच पुसून त्याच्याच बायकोले शाल देता? लाज नाही वाटत?"

"तू कावून एवढा तापून राहिला बे?" तो ओरडला. रागात साहेबाले शुद्ध मराठी आठवली नाही.

कार्यक्रम सुरू झाला. समोरची खुर्ची रिकामीच. मी बाहेर येऊन वहिनीले फोन लावला.

"आली होती ना भाऊजी. बोर्ड वाचला. यांचं तं आमाले होतं. दुसऱ्याच कोणाचा प्रोग्राम दिसते म्हटलं, बस पकडून वापस आली. आपला हॉल कोणता होता?"

आत माइकवर त्यांचं नाव पुकारून राहिले होते.

"बरोबर वाचलं वहिनी तुमी," मी म्हटलं. "आपला हॉल नाहीच हा. मीच येतो तुमच्याकडे."