तावडेबाईंचं मत

"त्या बाईनं काच फोडायला नको होती," तावडेबाई म्हणाल्या.

टेबलाभोवतीचे बाकीचे सात जण त्यांच्याकडे बघायला लागले. आम्ही दादरच्या एका ऑफिसात बसलो होतो. सगळ्यांनी नुकताच एक फ्रेंच सिनेमा मराठी डबिंगमध्ये पाहिला होता. एका ओटीटी कंपनीला तो मराठीत आणायचा होता आणि त्याआधी साठीच्या पुढच्या प्रेक्षकांचं मत हवं होतं. अशा चर्चेला आम्ही फोकस ग्रुप म्हणतो. ती चालवणारी मी, मॉडरेटर. तेवीस वर्षं हेच करतेय. साबण, बिस्किटं, विमा, आता सिनेमे.

सिनेमा साधा होता. फ्रान्समधल्या एका गावातली निवृत्त शिक्षिका. विसरायला लागलेली. मुलगी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावते. एक दिवस म्हातारी खिडकीची काच फोडते आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारते.

माटुंग्याच्या निवृत्त बँक मॅनेजरांनी आधीच निकाल देऊन टाकला होता. "आपल्याकडे असं नसतं हो. हे त्यांच्याकडचं." वरळी कोळीवाड्यातल्या हिराबाई म्हणाल्या होत्या, "आमच्या गल्लीत लावून दाखव म्हणावं कुलूप! बायका कोयते घेऊन येतील." सगळे हसले होते. तावडेबाई सोडून.

"का नको होती फोडायला?" मी विचारलं.

"लेकीची शोभा झाली ना चारचौघांत. ती काय मुद्दाम लावते? माझा मुलगापण लावतो. सकाळी नऊला जातो, संध्याकाळी साडेसातला येतो. जेवण ओट्यावर झाकलेलं असतं. पाणी भरलेलं असतं."

"आणि मध्येच काही लागलं तर?"

"मी लागू देत नाही."

तावडेबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. लालबागला राहायच्या. नवरा गिरणीत होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली. अंबाडा नीट घातलेला, साडी इस्त्रीची. कुठे बाहेर निघाल्या की नटून निघणाऱ्या बायका असतात, तशा.

त्या खोलीत एका भिंतीला मोठा आरसा आहे. आमच्या बाजूने आरसा, पलीकडून काच. पलीकडे क्लायंट बसून बघतात. लोकांना आधी सांगितलेलं असतं, पण पाच मिनिटांत विसरतात. तिकडून मला चिठ्ठी आली. 'सहा नंबरना आणखी बोलतं करा.' सहा नंबर म्हणजे तावडेबाई; ग्रुपमध्ये प्रत्येकाला नंबर दिलेला असतो.

मी केलं. माझं कामच ते आहे. त्या सांगत गेल्या. दुपारी खुर्ची दाराशी ओढून बसतात. जिन्यावर कोण चढतंय ते पावलांवरून ओळखतात. समोरच्या वहिनी, गॅसवाला, दुसऱ्या मजल्यावरचे लंगडे काका. "तेवढंच माणसांत असल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या. मॅनेजरसाहेब चष्मा पुसत बसले.

ग्रुप संपल्यावर क्लायंट मॅडम बाहेर आल्या. "अमेझिंग! सहा नंबर म्हणजे सोनं आहे. प्रेझेंटेशन तिच्यापासूनच सुरू करा."

मी आमच्या साहेबांना बाजूला घेतलं. कामत म्हणजे माझे पंधरा वर्षांचे बॉस.

"सर, बाई रोज दहा तास कोंडलेली असते. ज्येष्ठांसाठी हेल्पलाइन असते, तिकडे कळवूया?"

"कन्सेंट फॉर्मवर काय लिहिलंय? नाव, पत्ता, बोललेलं, काही बाहेर जाणार नाही. खाली सही तुझीच आहे. उद्या हे कळलं तर कोण तोंड उघडेल आपल्यापुढे?"

चुकीचं नव्हतं ते. मग मी नंदाला विचारलं. नंदा आमची रिक्रूटर, म्हणजे ग्रुपसाठी माणसं शोधून आणणारी. ती तावडेबाईंच्याच चाळीत राहते. ग्रुप शनिवारी होता, मुलगा घरी होता, म्हणून त्याला विचारून तिने बाईंना आणलं होतं.

"एक किल्ली तुझ्याकडे ठेव ना."

"मागितली होती मॅडम. तो म्हणाला, तुमच्या घरात बघा."

मी रिपोर्ट लिहिला. त्यात त्या 'स्त्री, ७४, लालबाग' एवढ्याच उरल्या. क्लायंटला आवडला.

तीन आठवड्यांनी नंदाचा फोन आला. तावडेबाई मोरीत पडल्या होत्या. समोरच्या वहिनींना दुपारी धप्पकन आवाज आला होता. पण पुढे हाक नाही, काही नाही, म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. साडेसातला मुलाने कुलूप उघडलं तेव्हा बाई ओल्या फरशीवर होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं.

मी परळच्या हॉस्पिटलात गेले. मुलगा वॉर्डबाहेर बाकावर बसला होता. पन्नाशीचा, दाढी वाढलेली, कंपनीचं आयकार्ड अजून गळ्यात. मी ओळख सांगितली. वाटलं, भडकेल. भडकला नाही.

"दोन वेळा हरवली ती, मॅडम. दुसऱ्यांदा वरळीला समुद्रावर सापडली. पायात चप्पल नव्हती. नोकरी सोडली तर खायचं काय? एकटाच आहे मी. दुसरं काय करायचं होतं, तुम्ही सांगा ना."

हरवल्याचं तावडेबाई ग्रुपमध्ये बोलल्या नव्हत्या. मीही विचारलं नव्हतं.

आत गेले. त्यांनी मला ओळखलं. "त्या दिवशी मी जास्तच बोलले का हो? त्या कंपनीवाल्यांना राग नाही ना आला?"

"नाही. खूप आवडलं त्यांना." जरा थांबून मी विचारलं, "तुम्ही हाक का नाही मारलीत?"

"लोकांनी कुलूप तोडलं असतं," त्या म्हणाल्या. "मग त्याला काय काय बोलले असते."

नवव्या दिवशी त्या गेल्या. न्यूमोनिया झाला होता. मी स्मशानात गेले नाही. कोण म्हणून जाणार?

सिनेमा मराठीत आलाच नाही. तो बघणारी माणसं म्हातारी आहेत, सबस्क्रिप्शन मुलांच्या नावावर असतं, असं कंपनीने कळवलं.

मी आता प्रत्येक ग्रुपच्या सुरुवातीला एक वाक्य जास्त बोलते. "इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं तर मी सांगणार." कामतांना ते पटलेलं नाही. लोक सावध होतात, आणि पहिल्यापेक्षा कमी बोलतात, हेही खरं आहे. रिपोर्ट जरा पातळ होतो. होऊ दे.