आतल्या अंगाची तीन टिंबं

हिरामण घरत यांच्या घरात बिनखुणेची वस्तू सापडणं कठीण. कुकरच्या बुडाला, घमेल्याच्या काठाला, मोटरसायकलच्या बॅटरीला, सगळ्यांना पंचने ठोकलेली किंवा खिळ्याने कोरलेली तीन टिंबं असतात. एकदा त्यांनी गॅसच्या सिलिंडरलाही टिंबं मारली होती. तोच सिलिंडर फिरून परत आपल्याकडे येतो का, हे त्यांना बघायचं होतं. तो आला नाही. गॅसवाल्याबद्दलचा त्यांचा संशय मात्र तेव्हापासून कायम आहे.

"माज्या पाठीवर पन टिंबा हायत का बघा," असं त्यांची बायको जनी पाहुण्यांना सांगते. हिरामण हसत नाहीत.

या सवयीला कारण आहे. उरणच्या बंदरातून कंटेनर घेऊन त्यांनी एकतीस वर्षं ट्रेलर चालवला. एकदा घाटाखालच्या एका गॅरेजात गाडी टाकून ते बाकावर झोपले. उठले तेव्हा काम झालेलं होतं. चारशे किलोमीटरवर त्यांच्या लक्षात आलं, की गाडीला बसवलेला नवा पार्ट नवा नव्हताच. मालकाने दोष त्यांच्यावरच ठेवला. त्यानंतर काम चालू असताना ते कधी झोपले नाहीत, आणि जो पार्ट बसवायचा त्यावर खूण केल्याशिवाय तो गाडीला लागू दिला नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी छोटी कार घेतली. ती घाटावरची बघून घेतली, कारण किनाऱ्यावरच्या गाडीचा पत्रा खालून खाल्लेला असतो हे त्यांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी अंगणातच तिच्या स्टिअरिंगचे दोन्ही टाय रॉड एंड बदलले. स्टिअरिंग फिरवलं की जो दांडा चाकाला वळवतो, त्याच्या टोकाचा हा गोळीचा सांधा. त्यावर त्यांनी तीन टिंबं मारली, तीही आतल्या, चाकाकडच्या अंगाला. सांधा सुटा केल्याशिवाय ती कोणाला दिसणार नाहीत, अशी.

त्याच सुमारास शेजाऱ्याच्या गाडीची बॅटरी चोरीला गेली. हिरामणनी लगेच आपली गाडी अंगणातून हलवली. घरतांची मिठागरं बंदरासाठी गेली, पण मिठाचं कोठार राहिलं होतं. दगडी भिंती, खिडकी नाही, एकच दार. गाडी आत गेली आणि दाराला मोठं कुलूप लागलं. दर पावसाळ्यानंतर ते कुलूप अडकायचं आणि हिरामण बाजारातल्या कमलेशच्या दुकानातून नवं आणायचे. कमलेश पितळेच्या नावाखाली मुलामा दिलेलं लोखंड विकतो, असं त्यांचं ठाम मत होतं.

या जानेवारीत जावई विनेश ती गाडी बारा दिवसांसाठी घेऊन गेला. तो रेवसचा, घर मासेमारीचं. भावाच्या बोटीवर दोघांचं भागत नव्हतं, म्हणून रेवसच्या धक्क्यावर उतरणाऱ्या पर्यटकांना हरिहरेश्वरला फिरवायचं त्याच्या मनात होतं. बारा दिवसांत जमतंय असं दिसलं. मग त्याने सासऱ्याला सरळ विचारलं, की पिवळ्या पाटीचं, म्हणजे टॅक्सीच्या परवान्याचं बघतो, गाडी मला द्याल का. हिरामण म्हणाले, बघू.

गाडी परत आली तेव्हा स्टिअरिंग जड लागत होतं. वळणावर खालून कुरकुर ऐकू येत होती. हिरामणनी ती कोठारात लावली आणि तीन महिने विषय काढला नाही. एप्रिलमध्ये गाडी उचलून खाली वाकून बघितलं, तर टाय रॉड एंड लालभडक गंजलेले. रबर फाटलेलं, नटाचे कोपरे गोल झालेले. तीन वर्षांचा पार्ट असा दिसत नाही. हा दहा वर्षांचा होता.

त्यांनी जनीला सांगितलं, की तुझ्या जावयाने माझे नवे पार्ट काढून विकले आणि भंगारातले लावून दिले. जनीने विचारलं, की दोन पार्टांसाठी तो असं कशाला करेल. ते म्हणाले, गॅरेजवाल्याने तरी कशाला केलं होतं?

जनीने हे पोटात ठेवलं नाही. ते फोनवरून मुलीच्या, नेत्राच्या कानावर गेलं आणि नेत्राकडून विनेशच्या. नेत्राने आईला एवढंच सांगितलं, की हे खोटं निघालं तर बापसाने माझ्या नवऱ्याला तोंडावर तसं सांगायचं, आणि खरं निघालं तर गाडी आम्हाला नको. तोवर ती माहेरी येणार नव्हती.

म्हणजे निकाल त्या सांध्याच्या आतल्या अंगाला होता. सांधा काढायचा होता आणि तो निघत नव्हता.

हिरामणनी दोन दिवस एकट्याने झटापट केली. गाडी अंगणात आणली, जॅकवर उचलून घोडीवर ठेवली, शिवाय काढलेलं चाकही खबरदारी म्हणून गाडीच्या पत्र्याखाली सरकवलं. तारेच्या ब्रशने घासलं, गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर मुरू दिलं. नट कसाबसा फिरला. पण सांध्याची निमुळती खुंटी चाकाच्या भोकात अशी बसली होती, की ओढणारा पुलरच वाकला. तिसऱ्या सकाळी विनेश करंजाच्या लाँचमधून मोटरसायकलसह उतरला आणि दारात उभा राहिला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं.

हिरामणनी त्याला पाणी विचारलं. मग अट सांगितली: पार्टाला हात लावायचा नाही. विनेश पायरीवर बसून राहिला. सासरे अर्धा तास ठोकत राहिले. शेवटी तो म्हणाला, की एका बाजूने ठोकून हे सुटणार नाही, दोन हातोडे पाहिजेत. भोकाच्या दोन्ही अंगांना एकाच क्षणी घाव बसला, तर भोक किंचित दबून खुंटी सोडतं. बोटीचा पंखा शाफ्टवरून आम्ही असाच काढतो.

हिरामणना ही युक्ती माहीत होती. ट्रेलरवर त्यांनी ती क्लीनरबरोबर कितीदा केली होती. पण आता दुसरा हातोडा ज्याच्या हातात द्यायचा, तोच माणूस आरोपी होता. चुकून मारल्यासारखं करून त्याने सांध्यावरच घाव घातला, तर खूण चेपून जाईल आणि काहीच सिद्ध होणार नाही. ते बराच वेळ हातोड्याचा दांडा पुसत बसले, मग तो विनेशपुढे धरला.

"जावयबापू, घाव भोकाच्या कडेला बसला पायजे. सांद्यावर न्हाय."

"तुमचा हात मधी हाय, मामा. माजा ध्यान तिथं हाय."

नट दोन आटे सैल करून जागेवरच ठेवला, म्हणजे खुंटी उडणार नाही. हिरामणनी एक, दोन म्हटलं आणि दोनवर दोन्ही हातोडे पडले. सातव्या खेपेला तड् असा आवाज झाला आणि सांधा खाली लोंबला. तरी दांड्यावरचा लॉकनट अडकलेलाच होता. विनेशने पिशवीतून गॅसचा छोटा टॉर्च आणि मेणबत्ती काढली. ज्योतीने खूण जळेल का, हा प्रश्न हिरामणच्या चेहऱ्यावर आला. पंचने ठोकलेलं जळत नाही हे मग त्यांचं त्यांनाच आठवलं. नट तापला, विनेशने मेणबत्ती टेकवली, मेण वितळून आट्यांत शिरलं. पाना लावल्यावर नट करकरत फिरला. हिरामणनी ओल्या फडक्यात धरून सांधा सोडवला आणि आपल्या ओट्याकडे नेला. विनेश मागे गेला नाही.

रॉकेलात घालून त्यांनी आतली बाजू घासली. गंजाचे पापुद्रे निघाले. खाली तीन टिंबं होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. टिंबांच्या तळातही गंज होता, म्हणजे ती कालपरवा कोणी ठोकलेली नव्हती.

जनी दारात उभी होती. तिने विचारलं, मग? हिरामण म्हणाले, पार्ट माझाच आहे. आणि लगेच पुढे म्हणाले, पण मग याने गाडी समुद्राच्या पाण्यात घातली असणार, पर्यटकांना वाळूवर फिरवून. एवढा गंज बारा दिवसांत, जनी म्हणाली.

विनेश कोठाराच्या दाराशी गेला होता. तिथे कडीला लटकलेलं कुलूप त्याने हातात घेतलं. ऑक्टोबरात आणलेलं, सहा महिन्यांचं. चावीच्या भोकाभोवती लाल कड धरली होती.

"मामा, ह्या कुलूप कोनी बदलला?"

विनेशने दार ढकललं. साठ वर्षं मीठ पडलेल्या भिंतींवर सकाळीसुद्धा ओल होती, आणि गाडी जिथे उभी असायची तिथे जमिनीवर पांढरी खपली होती. तो म्हणाला, की आम्ही सुकटीचं मीठ ठेवतो त्या खोलीत साधा पानाही ठेवत नाही. हे त्याने जानेवारीतच बघितलं होतं. मग बोलला का नाही, असं जनीने विचारलं. गाडी अंगणात काढा म्हटलं असतं, तर चोरून न्यायची सोय करतोय असं वाटलं असतं, तो म्हणाला. आणि खरंच तसंच वाटलं असतं.

दुपारनंतर दोघांनी बाकीचं काम काढलं. चाकाखालच्या लोअर आर्मचा बोल्ट तर भोकात वितळून बसल्यासारखा होता. तापवला, मेण दिलं, तरी तो डोक्यातून तुटला आणि ड्रिलने पोखरून काढावा लागला. या वेळी दोघांचे हात आलटूनपालटून लागले, आणि कोणाच्या हातात काय आहे हे हिरामणनी फक्त दोनतीनदाच बघितलं. नेत्राला फोन करून सांगायचं काम त्यांनी जनीवर ढकललं. जनीने फोन लावून त्यांच्याच हातात दिला. "तुजा नवरा खरा हाय," ते म्हणाले, आणि फोन परत दिला. नेत्राने फोन पुन्हा त्यांच्याकडे द्यायला लावून तेच विनेशच्या तोंडावर म्हणायला सांगितलं. ते म्हणाले. विनेश बोल्टचे तुकडे गोळा करत होता.

नवे पार्ट दुसऱ्या दिवशी आले. हिरामणनी पंच काढला आणि आतल्या अंगाला टिंबं ठोकली, या वेळी चार. एरवी ते हे काम सगळ्यांकडे पाठ फिरवून करत. आज विनेश समोर बसला होता आणि सांधा धरून होता.

गाडीची एक चावी विनेशला मिळाली, दुसरी हिरामणच्या खिशात आहे. विनेश गाडी घेऊन निघताना त्यांनी मीटरवरचा किलोमीटरचा आकडा कोठाराच्या दारावर खडूने लिहून ठेवला. कोठाराला आता कुलूप नसतं. कमलेशच्या पितळेबद्दलचं त्यांचं मत मात्र बदललेलं नाही.