तुमची एअरबॅग फुकट बदलून मिळेल

आमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये लोक गाड्या सोडून जातात आणि किस्सेही. गाड्या संध्याकाळपर्यंत धुऊन-पुसून परत द्याव्या लागतात. किस्से न्यायला मात्र कोणी येत नाही. ते माझ्याकडेच पडून राहतात.

मी कल्याण-शीळ रोडवरच्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये फोनवर बसते. सध्या काम रिकॉलचं. म्हणजे कंपनीला स्वतःचीच चूक सापडते, मग ती गाडीमालकांना बोलावून तो पार्ट फुकट बदलून देते. या वेळची चूक एअरबॅगमध्ये आहे. गाडी ठोकली तर पुढच्या डाव्या सीटची एअरबॅग उघडेलच असं नाही. माझ्या बाबांची गाडी याच मॉडेलची, आणि त्या सीटवर आई बसते. त्यामुळे हे काम मी जरा जास्तच मनावर घेतलंय.

फोन लावला की आधी मलाच टेप ऐकू येते, अनोळखी फोनवर विश्वास ठेवू नका. मग मी एका अनोळखी माणसाला सांगते, "सर, तुमची एअरबॅग फुकट बदलून मिळेल."

*

डोंबिवलीच्या एका सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"किती भरायचे?"

"काही नाही, सर."

"ओटीपी?"

"नाही लागत."

"लिंक पाठवणार?"

"नाही, सर. फक्त गाडी घेऊन या."

मग म्हणाले, "अच्छा! म्हणजे डायरेक्ट गाडीच नेणार!"

फोन कट.

*

कल्याणच्या मार्केटमधले एक कांदा-बटाट्याचे शेठ मात्र न बोलावता आले. शेजारच्या गाळेवाल्याची एअरबॅग फुकट बदलली, हे त्यांना कळलेलं.

"आमची पण बदला."

मी गाडीचा नंबर टाकून बघितला. "शेठ, तुमच्या गाडीला रिकॉल नाही. तुमची एअरबॅग चांगली आहे."

"त्याने माझ्यानंतर गाडी घेतली, त्याला नवीन. मी जुना कस्टमर, तर मला जुनीच?"

"अहो, पण तुमची चांगली आहे ना!"

"चांगली आहे तर तुम्ही ठेवून घ्या. मला त्याच्यासारखी द्या."

शेवटी मॅनेजरनी त्यांना गाडीत लावायची परफ्यूमची बाटली देऊन वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी शेजारचा गाळेवाला हजर. "आमची बाटली कुठाय?"

*

रिकॉलचा एक धाकटा भाऊ असतो, सर्व्हिस बुलेटिन. त्यात कोणाला फोन करायचा नसतो. कंपनी फक्त वर्कशॉपला कळवते की अमुक आवाज येतो अशी तक्रार आली, तर तमुक पार्ट बदला. तक्रार आली तर! नाही आली तर गप्प बसा.

ठाण्याचे लेलेकाका गाडी सर्व्हिसिंगला घेऊन आले, सोबत काकू. अत्यंत सज्जन गृहस्थ. स्टिअरिंग वळवलं की गाडी कट्ट-कट्ट वाजत होती, आत रिसेप्शनपर्यंत ऐकू येत होतं. बुलेटिन नेमकं त्याच आवाजाचं.

"काका, काही तक्रार?"

"छे!"

"वळताना आवाज वगैरे?"

"येतो ना. पण तक्रार नाही."

"काका, तक्रार लिहिली तर फुकट होईल. वॉरंटी संपत आलीय."

"अगं, बिचारीने आजवर कुठे अडवलं नाही. तिची तक्रार मी कुठल्या तोंडाने करू?"

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पर्स बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली.

"माझी लिहून घे. गाडीपासून सुरू करू की यांच्यापासून?"

*

अंबरनाथच्या सावंतबाईंची गाडी आली, आणि आमचा मेकॅनिक संतोष हात बांधून उभा राहिला. खराब एअरबॅगच्या बरोबर वर, डॅशबोर्डवर, गणपती चिकटवलेला. तो काढल्याशिवाय काम होत नाही.

"मी नाही हलवणार," संतोष म्हणाला. "पाहिजे तर इंजिन उतरवतो."

सावंतबाई रिक्षा करून घरी गेल्या, फुलं-अक्षता घेऊन आल्या. त्यांनी रीतसर उत्तरपूजा केली, सगळ्या वर्कशॉपला पेढे वाटले. मूर्ती हलली आणि पोरांनी एका सुरात आरोळी ठोकली, "गणपती बाप्पा मोरया! पुढच्या वर्षी लवकर या!"

मॅनेजर केबिनमधून धावत बाहेर आले. "अरे, पुढच्या वर्षी नको! आधी यंदाच्या रिकॉलचे तर येऊ देत!"

*

अखेर यादीत बाबांच्या गाडीचा नंबर आला. आई-बाबा कोपरला राहतात. मी लग्नानंतर ठाण्याला, कोपरीत. ऑफिसच्या फोनवरून बाबांना लावला. कॉल रेकॉर्ड होतात, म्हणून आधी ठरलेलं वाक्य म्हटलं. मग न राहवून म्हटलं, "बाबा, मी मानसी!"

"वा!" बाबा म्हणाले. "आवाज हुबेहूब काढलाय. हल्ली मशीनवर काढतात, पेपरात आलंय."

"अहो बाबा, खरंच मीच आहे! काहीही विचारा."

"आमच्या मानसीला कोणती भाजी आवडत नाही?"

"पडवळ!"

"पडवळ कोणालाच आवडत नाही."

मी हट्टाला पेटले. एअरबॅगचं समजावलं, आईला सध्या मागे बसवा म्हटलं. मग गुडघ्याचं विचारलं, गोळ्यांचं विचारलं. बाबा सगळ्याची नीट उत्तरं देत होते. गुडघा बराय. गॅलरीतल्या मोगऱ्याला कळ्या आल्यात. आईला नवा चष्मा लागलाय.

मग म्हणाले, "बाई, तुम्ही फार चांगलं बोलता. पण इथेच पकडल्या गेलात. आमची मुलगी इतका वेळ बोलत नाही. ती 'ठेवते, कामात आहे' म्हणते."

आणि फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं.

रविवारी आमचं वर्कशॉप चालू असतं. सकाळी मीच कोपरला गेले. बाबांनी एक शब्द न विचारता किल्ली हातात ठेवली. संतोषने एअरबॅग बदलली, संध्याकाळी मी गाडी परत नेऊन लावली. आई लगेच पुढच्या सीटवर बसून बघून आली.

बाबांनी किल्ली खिळ्याला अडकवली.

"तुमच्या ऑफिसातून एका बाईंचा फोन आलेला. खूप छान बोलत होत्या."

"हो का?"

"ओळखतेस का त्यांना?"

"थोडंफार."

"मग सांग त्यांना," बाबा पेपर उघडत म्हणाले, "दुपारी मी मोकळाच असतो."