सत्तावीस ॲपांचं विसर्जन

लातूरच्या एका मोठ्या कोचिंग क्लासची सगळी ॲप्स धम्मप्रिया हनवते सांभाळते. भाड्याचे काही सर्व्हर एकत्र जोडून केलेल्या क्लस्टरवर ती चालतात. सकाळी आल्यावर धम्मप्रिया लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाइप करते. बसवलेल्या ॲपांची नावं एकाखाली एक येतात आणि प्रत्येकापुढे ‘डिप्लॉइड’ असा शेरा असतो.

नावं एकतीस. चालतात चार: हजेरी, फी, सराव परीक्षा आणि निकाल. बाकीची नावं म्हणजे क्लासचा इतिहास आहे. मालक उद्धव सर दर नव्या बॅचला नवं ॲप काढतात. ‘अजिंक्य’, ‘गरुडझेप’, ‘ध्रुव’, ‘ध्रुव प्लस’. मुहूर्त बघून लॅपटॉपपुढे नारळ फोडतात, खोबरं वाटतात. बॅच संपल्यावर ॲप काढू का असं विचारलं की सर कानांवर हात ठेवतात. नारळ फोडलेली गोष्ट आपल्या हातानं मोडत नाहीत.

धम्मप्रियाच्या घरी नारळ फुटतो तो चटणीसाठी. तरी तिने वाद घातला नाही. ॲप बसवलेलं ठेवायचं, फक्त त्याच्या चालू प्रती शून्य करायच्या, अशी सोय तिने काढली. यादीत नाव राहतं आणि सर्व्हरवर भार पडत नाही.

यंदा तिला लातूर सोडायचं होतं. हदगावला आई पंचफुलाबाई गुडघ्याच्या ऑपरेशननंतर एकटी होती. नांदेडला शाखा निघाली की तू तिथली प्रमुख, असा सरांचा शब्द होता. शाखेला पैसा लागणार होता आणि तो देगलूरच्या आदिनाथशेठकडे होता. शेठचा धंदा सोयाबीन खरेदीचा.

“शेठ येणारेत. यादी मोठ्या पडद्यावर लाव,” सर म्हणाले.

“सर, डिप्लॉइड म्हणजे बसवलंय एवढंच. चालून राहिलंय असं न्हाई.”

“मग बसवलेलं दाखव. क्लासचा बोर्ड बघून आत मास्तर हाय का, असं विचारतं का कुणी?”

शेठ आले, बशीत ओतून चहा प्यायले. सरांनी एकतीसही नावं पोथी वाचावी तशी वाचली.

“नावं लई चांगली हायेत, मास्तर,” शेठ म्हणाले. “पोत्यावरचा शिक्का बी चांगलाच असतो. आम्ही पोत्यात सळई खुपसून माल बघतो. ताई, ह्या ‘अजिंक्य’मधी घाल बरं सळई.”

धम्मप्रियाने सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडे पाहत होते. ते ॲप तिथल्या तिथे चालू करता आलं असतं, पण मग शेठनी दुसरं मागितलं असतं, तिसरं मागितलं असतं. खालच्या हॉलमध्ये सराव परीक्षा चालू होती आणि एवढ्यांना सर्व्हरवर जागा नव्हती. नांदेड हातचं जाणार हे कळून तिने ‘अजिंक्य’चा तपशील काढणारी कमांड टाइप केली. पडद्यावर आलं: चालू प्रती, शून्य.

“शून्य म्हंजी?”

“शून्य तक्रारी,” सर म्हणाले.

“ताई, तू सांग.”

“बंद हाय, शेठ.”

“‘गरुडझेप’?”

“बंद.”

“‘ध्रुव’?”

“बंद. ‘ध्रुव प्लस’ पण.”

“मंग त्यात प्लस काय होतं?”

“फी.”

सरांना खोकला आला. शेठनी शेवटी ‘सराव परीक्षा’ उघडायला लावलं. त्याच्या सहाही प्रती चालू होत्या. शेठनी त्यांच्यावरचा भार वर-खाली होताना बराच वेळ पाहिला.

“एकतीस पोत्यांत चार पोती माल,” ते म्हणाले. “मोंढ्यात याहून वाईट घेतलंय मी. पैसा देतो, पण चार पोत्यांचा. रिकामी पोती आधी काढून टाका.”

“त्यांचे नारळ फुटलेत, शेठ.”

“गणपती बसवतो का न्हाई, मास्तर? मंग उठवतो बी.”

हे सरांना पटलं. विसर्जनाचा मुहूर्त निघाला. गुरुजींनी ॲपांचं गोत्र विचारलं, सरांनी स्वतःचं सांगितलं. धम्मप्रिया काढून टाकण्याची कमांड टाइप करून एंटर दाबायची आणि सर लॅपटॉपवर अक्षता टाकायचे. ‘अजिंक्य’ गेलं तेव्हा सरांचे डोळे भरून आले. त्या बॅचच्या निकालालाही पालकांचे असेच भरून आले होते. कीबोर्डमधले तांदूळ काढायला धम्मप्रियाला पुढे टाचणी लागली.

चार पोत्यांच्या पैशात नांदेडला जागा मिळेना. बोर्ड तर छापून झाला होता. मग सरांनी शाखेचंच ॲप काढलं आणि ‘आता नांदेडमध्येही’ अशी जाहिरात दिली. शब्द दिल्याप्रमाणे धम्मप्रिया शाखाप्रमुख झाली. शाखेला पत्ता नसल्यामुळे तिला कुठे रुजू व्हायचं हे कुणी सांगितलं नाही. ती बॅग भरून हदगावला गेली.

रेंज गच्चीवर येते, म्हणून ती लॅपटॉप घेऊन तिथे बसते. शेजारच्या जगदेवीबाईंनी एकदा पंचफुलाबाईंना विचारलं, “पोरगी नांदेडच्या शाखेची साहेब झाली म्हणं. मंग नांदेडला जाताना दिसंना ती?”

“जायचं कशाला?” पंचफुलाबाई म्हणाल्या. “शाखा मांडीवर घेऊनच बसलीया की वर.”