पानावरचं मीठ

मोतीआबा वरण चाखायचे ते डोळे मिटून. डेगीतून पळी वर यायची, तळहाताच्या खोलगट भागात वरण सांडायचं, हात तोंडाशी जायचा आणि डोळे मिटले जायचे. त्या वेळी मांडवात कुणी बोलायचं नाही. पत्रावळी मांडणारी माणसं थांबायची, वाढपी थांबायचे, बायका पदर सावरत तिकडे बघत राहायच्या. मग आबा डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "बठाडा पंगत. मीठ बराबर शे." आणि अख्खं लोणखेडं जेवायला बसायचं.

आबा आमचे शेजारी. त्यांची केळी आणि ऊस होता, पण गावाला त्यांची ओळख होती ती वरण-बट्टीची. नवस असो, लग्न असो, सप्त्याचा भंडारा असो, चुलीपाशी मोतीआबाच. मी शाळेत शिकवते, बदली होऊन इथे आले तेव्हा पहिलं जेवण त्यांच्याच हातचं जेवले. बट्टी कुस्करायची कशी हेसुद्धा मला येत नव्हतं. त्यांनी पाहिलं, वाकून स्वतःच्या हाताने माझ्या पानातली बट्टी फोडली, वर तूप ओतलं आणि म्हणाले, "बाई, आठे लाजशात ते भुक्या ऱ्हाशात." त्या दिवसापासून मी त्या घरची झाले.

देह मात्र अवाढव्य. ओट्यावर बसले की शेजारी दुसऱ्याला जागा उरायची नाही. त्याचं त्यांना काही वाटत नसे, उलट थोडा अभिमानच होता. बारीक आचाऱ्याच्या हातचं कोण जेवेल, असं म्हणून पोट हलवत हसायचे. आम्हीही हसायचो.

मग भारती आजारी पडली आणि ते हसू गेलं. भारती त्यांची एकुलती एक लेक, शिवणकाम करायची, माझे सगळे ब्लाऊज तिच्याच हातचे. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली. रक्त शुद्ध करून घ्यायला आठवड्यातून दोन-तीनदा नंदुरबार. सकाळची बस, प्रकाशा गावाच्या पुलावरून खाली तापी, आणि येताना तीच तापी, पण तेव्हा ती बघायचं त्राण पोरीत नसायचं. दिवसेंदिवस ती खंगत चालली होती. आई कस्तुराकाकू, तिला साखर, त्यामुळे तिचं मूत्रपिंड चालणार नव्हतं. राहिले आबा. तपासण्या जुळल्या. पण सुरतच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, आधी वजन उतरवा, एवढ्या वजनाच्या माणसाला आम्ही टेबलावर घेणार नाही. आणि लवकर करा, मुलीकडे फार वेळ नाही.

परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्या दारात हाक. "बाई, चालाले येतीस का?"

मीही काही सडपातळ नव्हते. मोबाइलवर बघून जिऱ्याचं पाणी, दुधीचा रस, ओट्सची लापशी, सगळं करून झालं होतं. म्हटलं, चला. आणि मग सुरू झाल्या त्या पहाटा. आता आठवल्या की झोपेत चालत होते की काय असं वाटतं. पाटाच्या कडेचा रस्ता, दोन्ही बाजूंना केळीचे मळे, आणि हिवाळ्यात गोमाई नदीकडून येणारं धुकं. त्या धुक्यात आबांचं पांढरं धोतर आणि डोक्याचा रुमाल तेवढा दिसायचा. कधी तोही दिसेनासा व्हायचा, नुसता वहाणांचा आवाज पुढे पुढे जायचा. केळीच्या पानांवरून दव टपकत असायचं. कुठे तरी कुणी पाणी सोडलेलं असायचं, त्याचा खळखळाट. मध्येच, मी मागे आहे ना हे बघायला, धुक्यातून आबांचा आवाज यायचा, "शेतीस का बाई मांगे?" मी म्हणायची, "शे, आबा." तेवढंच बोलणं कितीतरी वेळ पुरायचं.

उजाडलं की मात्र भांडण. माझं म्हणणं, वजन तोंडाने वाढतं, तोंडानेच उतरतं, चालणं आपलं वरचं. आबांना ते अजिबात पटायचं नाही. "पाय पुढे गयात का पोट मांगे ऱ्हास," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "आमना बाप दिनभर नांगर हाके आनि भाकरीसनी चळत खाये. व्हता का जाडा? तुम्हनं ते दुधीनं पानी तुम्हले लखलाभ." मी म्हणायची, "आबा, तुमच्या वडिलांनी भंडारे नव्हते रांधले." त्यावर ते रुमाल झटकायचे आणि जोरात चालायला लागायचे. रागावले की आणखी चालायचे, म्हणून मीही मुद्दाम चिडवायची.

आणि चालायचे तरी किती! सकाळी पाट, संध्याकाळी शहाद्यापर्यंत. घरी भाकरीसुद्धा कमी केली होती, काकू शपथेवर सांगायची. दर आठवड्याला आडत दुकानासमोरच्या कापसाच्या काट्यावर जाऊन उभे राहायचे. काटा काही हलायचा नाही. हमाल गंमत करायचे, "आबा, कापूस वला शे का?" आबा हसायचे, पण खाली उतरताना चेहरा बघवायचा नाही. तिकडे भारती ओट्यावर बसून बघत असायची. "आबा, उगा पाय मोडू नका," म्हणायची. "मले समजस ना." ती अशी बोलली की आबा घरात थांबायचे नाहीत, परत चालायला निघायचे.

कोडं सोडवलं ते काकूने. लग्नसराई होती, एका हळदीच्या स्वयंपाकाला ती बट्ट्या वळायला गेली आणि चुलीपाशी नवरा काय करतो ते तिने पहिल्यांदा जवळून पाहिलं. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर अशी काही जुंपली की मी हातातलं काम टाकून धावले. "देखा बाई, देखा!" काकू कपाळावर हात मारून घेत होती. "घरमा कोरभर भाकर आनि तठे वाटीवर वाटी!"

झालं होतं असं, की तळहातावरचं ते चार थेंब वरण ही नुसती सुरुवात असायची. मग दुसऱ्या डेगीचं. मग बट्टीत वरण किती मुरतं ते बघायला एक बट्टी, तुपाशिवाय ते कळत नाही म्हणून तूप. मग घोटलेली वांग्याची भाजी, मग शिऱ्याचा गोळा. पंगत बसायच्या आधीच माणूस पोटभर जेवलेला असायचा आणि त्याचा त्याला पत्ता नाही! आबा खरंच चकित झाले होते. "चाखनं म्हंजे खानं थोडीच शे?" ते मलाच विचारत होते. "खानं म्हंजे पानवर बशीसन." आयुष्यभर ते पंगत उठल्यावर म्हणायचे की मी अजून जेवलोच नाही, आणि ते खोटं बोलत नव्हते. मला हसू आलं आणि रडूही आलं. आत भारती शिवणयंत्रापाशी बसली होती, तिने यंत्र थांबवलं. आबा तिच्याकडे बघत राहिले आणि मग म्हणाले, "आजपाईन नई चाखाऊ."

म्हटलं, आबा, मग दुसऱ्या कुणाला चाखायला सांगा. तर तेही नाही. "दुसराना जीभवर मी पंगत नई बठाडत. मन्हा हातले समजस बठ्ठं." हट्टी तर हट्टी! जिभेचं काम हात आणि नाक करतील, अशी त्यांची खात्री होती.

सप्त्याचा भंडारा आला. वर्षातली सगळ्यांत मोठी पंगत. मी बायकांच्या ओळीत बसले होते, शेजारी भारती. तिच्या पुढे पान होतं ते मानापुरतं. मीठ तिला बंद होतं, पंगतीतलं काहीच चालत नव्हतं, पण बापाने रांधलेल्या भंडाऱ्याला ती येऊन बसायची. आबा दूर चुलीपाशी उभे होते. हात मागे बांधलेले. त्यांनी डेगीवर वाकून वास घेतला, पळीने वरण ढवळलं, आणि तळहात पुढे न करताच म्हणाले, "बठाडा."

आमच्याकडे पंगतीत आधी मीठ फिरतं, पानाच्या कडेला चिमूट चिमूट. मग बट्टी, भाजी, वरण, तूप. श्लोक झाला, घास उचलले. आणि एकाएकी ओळीच्या ओळी गप्प झाल्या. वरण अळणी होतं. पार अळणी, मिठाचा कणसुद्धा नाही! नैवेद्याची वाटी काढून झाली की चाखता चाखता मीठ घालत जायचं, ही आबांची जन्माची रीत. चाखणं सुटलं तसा मिठाकडे हातच गेला नव्हता.

मी समोर पाहिलं. पुरुषांच्या ओळीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने आबांकडे एकदा बघितलं, पानाच्या कडेचं मीठ बोटाने उचललं, वरणात कालवलं आणि खाली मान घालून जेवायला लागला. शेजारच्याने तेच केलं. मग त्याच्या शेजारच्याने. कुणी कुणाला खूण केली नाही. माझ्या पलीकडचं एक पोर "मीठ नई..." म्हणायला लागलं तर त्याच्या आईने त्याच्या तोंडात शिऱ्याचा घास कोंबला. मीठ वाढणारा न बोलावता पुन्हा एकदा ओळीतून फिरून गेला. चुलीपाशी आबांना वाटलं, लोक चवीत रंगलेत. "कसा गुपचूप जेवी ऱ्हायनात!" ते वाढप्याला म्हणाले, ते त्या शांततेत मलाही ऐकू आलं.

भारतीने माझ्या पानाकडे पाहिलं, मग बोट माझ्या वरणात बुडवून चाखलं. तिचे डोळे मोठे झाले. "बाई," ती हळूच म्हणाली, "हाई ते मन्हं वरण शे." आणि तिने वाढप्याला हाक मारली, पळीभर वरण मागितलं. किती दिवसांनी ती पंगतीत जेवली! तिच्यासाठी घरात वेगळं शिजायचं ते वरण आज अख्खं गाव जेवत होतं. मी रडले, लपवायचं कशाला.

पंगत उठली. पानं उचलायला आबा स्वतः यायचे, पानात काय टाकलंय त्यावरून त्यांना चूक कळायची. ओळीच्या टोकापासून निघाले आणि मधेच थांबले. एकाही पानावर मीठ उरलं नव्हतं. एरवी ते तसंच पडून राहायचं. आबा पुढच्या पानाशी गेले, त्याच्या पुढच्या. मग वाकले, वाढप्याच्या बादलीत उरलेल्या वरणात बोट बुडवून जिभेला लावलं आणि तिथेच मातीत बसले. बराच वेळ कुणी जवळ गेलं नाही. शेवटी भारती गेली, शेजारी बसली. "मीठ इसरी गऊ मी," आबा म्हणाले. ती म्हणाली, "मी पोटभर जेवनू, आबा."

त्यानंतर आबांनी पळी खाली ठेवली. भंडाऱ्याला जायचे, लांबून सांगायचे, पण चुलीपाशी जात नसत. आमचं पहाटेचं चालणं चालूच होतं. आता कापसाचा काटा खाली यायला लागला, आधी कुरकुरत, मग सरळ. धोतराच्या निऱ्या वाढल्या. "बाई, पाय बिचारा कितला चालनात," एकदा धुक्यातून म्हणाले, "पन तोंड त्यासना पुढे पळे. तोंड थांबनं तवय पोट मांगे ऱ्हायनं." मी जिंकले म्हणून मिरवायला हवं होतं, पण त्या धुक्यात कुणाशी वाद घालावासा वाटत नसे. शिवाय चालणं नसतं तर तोंड थांबलं असतं का, कोण जाणे. सुरतच्या डॉक्टरांनी या वेळी त्यांना टेबलावर घेतलं. भारती उठून बसली, शिवायला लागली. माझ्या ब्लाऊजांची मापं घेताना पुन्हा मला टोमणे मारायला लागली, तेव्हा मला खात्री पटली की ती बरी झाली.

आबा गेल्या थंडीत गेले, झोपेतच. आजारही नव्हता. त्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी दाराशी उभी राहिले, धुकं होतं, आणि हाक आली नाही.

यंदाच्या भंडाऱ्यालाही रांधणारे दुसरेच होते, पण लांबून सांगायला आबा नव्हते. सगळं शिजलं, नैवेद्य निघाला, आणि मग सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. पंगत बसवायची कुणी? भारती बायकांतून उठली. डेगीपाशी गेली, पळी मागितली. तळहातावर थोडं वरण घेतलं, डोळे मिटले. मांडव गप्प झाला. तिने चिमूट मीठ टाकायला सांगितलं, परत चाखलं. डोळे उघडले तेव्हा ते भरलेले होते.

"बठाडा पंगत," ती म्हणाली.

जेवणं झाली. मी उठताना ओळीभर नजर टाकली. प्रत्येक पानाच्या कडेला मीठ तसंच होतं.